बाहेरचं की आतलं? मनात शिरणाऱ्या भयपटांची पार्श्वभूमी

मराठवाड्यात भानामती म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लातूर, नांदेड, धाराशिव आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात तीच गोष्ट गावोगावच्या घरांतून ऐकू येत आली आहे. माळवदावर दगड पडतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे एकाएकी पेटतात. ताटातल्या भाकरीत घाण निघते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, आणि घरातली बाई भुंकायला लागते. मग जाणत्याला बोलावणं, उतारे, गंडेदोरे. गावातली एखादी एकटी बाई 'करणारी' ठरली की तिची धिंड आणि मारहाण.

१९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. भानामतीची तक्रार आलेल्या घरी गेल्यावर कार्यकर्ते घरातल्या एकेका माणसाशी वेगळं बसून, वेळ देऊन बोलत. दगड कुठून आला याचा उलगडा बहुतेक वेळा त्याच घरात होई. सासरी घुसमटलेली सून असे, शाळेतून काढून लग्नाला उभी केलेली मुलगी असे, नाहीतर ज्याचं कुणीच ऐकत नाही असं लेकरू. त्या माणसाचं नाव गावापुढे उघड करायचं नाही, त्याला धीर द्यायचा, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं, अशी ही रीत. भुंकणाऱ्या बाईला ढोंगी ठरवणंही तितकंच चूक, कारण सोसवेना झालं की मन शरीराकडून असं काहीही करवून घेतं. भानामती-करणीच्या नावाखाली अमानुष कृत्य करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. हा कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर आला, हे विसरता येत नाही.

एखादा अस्वस्थ करणारा, दिवस दिवस डोक्यातून न जाणारा भयपट सांगा, असं कुणी विचारलं की मला हीच घरं आठवतात. मानसिक भयपट म्हणतात तो प्रकार अशाच घरात उभा असतो. 'हे बाहेरचं आहे की आतलं?' हा आपल्याकडे आजारी माणसाच्या उशाशी विचारला जाणारा प्रश्न हे सिनेमे अखेरपर्यंत उघडा ठेवतात. त्यांतल्या उत्तम सिनेमांची भीती भुताची नसतेच. एका माणसाला काहीतरी दिसतंय, ऐकू येतंय, आणि ज्यांच्यावर त्याची भिस्त आहे तेच त्याला वेड्यात काढताहेत, ही ती भीती असते. म्हणून यादी देण्याआधी हा प्रकार इथवर कसा आला ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

त्याची सुरुवात बहुतेकजण १९२० च्या एका जर्मन मूकपटापासून मोजतात, रॉबर्ट वीने यांच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी'पासून. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, जर्मनी हरली होती, आघाडीवरून परतलेली तरुण पोरं थरथरत होती. या चित्रपटातल्या भिंती तिरक्या आहेत, खिडक्या वेड्यावाकड्या, सावल्या चक्क रंगवलेल्या. शेवटी कळतं की गोष्ट सांगणारा स्वतःच मनोरुग्णालयातला रुग्ण आहे. म्हणजे आपण इतका वेळ पाहिलं ते गाव खरं होतं की त्याच्या डोक्यातलं? पडद्यावरचं जग एखाद्याच्या मनासारखं वाकडं काढता येतं, हे तिथे पहिल्यांदा इतकं ठळकपणे दिसलं.

ती जर्मन सावली आपल्याकडे आली ती अगदी ठरावीक वाटेने. बॉम्बे टॉकीजसाठी जे जर्मन तंत्रज्ञ मुंबईला आले त्यांत जोसेफ वीर्शिंग हे छायालेखक होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून स्थानबद्ध केलं. सुटल्यावर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी कमाल अमरोहींचा 'महल' चित्रित केला. झोका, मेणबत्त्या, लांबच लांब व्हरांडे आणि कुठून येतो ते न कळणारा लताबाईंचा आवाज. हिंदी भयपटाची सगळी सामग्री इथेच जमली.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपून मराठवाडा मोकळा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी 'महल' आला. शाळेत उर्दूतून शिकलेल्या इथल्या पिढीला अमरोहींचे संवाद समजावून घ्यावे लागत नव्हते. आज तो पाहताना मला हादरवते ती मधुबालाची कामिनी नव्हे. ती तर माळ्याची मुलगी निघते, भूत नसतंच. हादरवतो अशोककुमारचा शंकर. एका न पाहिलेल्या बाईच्या ध्यासात तो जिवंत बायकोला जंगलात नेऊन ठेवतो, तिच्याकडे बघतही नाही, आणि ती रंजना अखेर विष घेते. लोक गाणं लक्षात ठेवतात. माझ्या मते 'महल'मधलं खरं भय रंजनाच्या वाट्याला आलेलं आहे, आणि म्हणून मी त्याला आपला पहिला मानसिक भयपट म्हणतो.

पाश्चात्त्य सिनेमात या प्रकाराचं वळण १९६० च्या आसपासचं. त्या एकाच वर्षी हिचकॉकचा 'सायको' आणि मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' आला. राक्षस आता शेजारच्या साध्या माणसाच्या चेहऱ्याने वावरू लागला. पुढच्या वर्षीच्या 'द इनोसन्ट्स'मध्ये दोन लेकरं सांभाळणाऱ्या शिक्षिकेला भुतं दिसतात, पण ती खरंच आहेत का याचं उत्तर मिळत नाही. १९६८ चा 'रोझमेरीज बेबी' मात्र थांबून बघण्यासारखा. गरोदर बाईला शंका येते की नवरा, शेजारीपाजारी आणि डॉक्टर एकत्र येऊन आपल्या पोटातल्या बाळाचं काहीतरी वाईट करताहेत. प्रत्येकजण तिला गोड बोलून गप्प करतो. 'पहिलटकरणीला असं वाटतं' म्हणून बाईचं म्हणणं उडवून लावणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी पुढे १९७७ मध्ये एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि शिक्षेआधी देश सोडला. बाईवर विश्वास न ठेवण्याची गोष्ट सांगणारा सिनेमा अशा माणसाचा असावा, हे मला खुपतं. बघायचा तर हे माहीत असूनच बघावा.

आपल्याकडे त्या काळात तालुक्याच्या थिएटरांत आणि पुढे व्हिडिओ पार्लरांत रामसे बंधूंचं राज्य होतं. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, 'पुराना मंदिर' १९८४ चा. जुनी हवेली, शाप, चेहरा सडलेला सैतान. ते सगळं बाहेरचं होतं, थिएटरबाहेर पडलं की संपायचं. मराठीत मात्र १९७६ मध्ये 'हा खेळ सावल्यांचा' आला. 'रात्रीस खेळ चाले' हे त्यातलंच गाणं. आशा काळे यांची नायिका ज्या भुताला भिते त्याचा माग हा चित्रपट तिच्या मनात घेतो, आणि हे मराठी पडद्यावर तेव्हा धाडसाचंच होतं. वाचनालयांत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं हातोहात फिरत होती. मतकरींच्या कथांतलं भय पुष्कळदा साध्या मध्यमवर्गीय घरातल्या द्वेषातून येतं. एवढं साहित्य हाताशी असून मराठी सिनेमा पुढची कितीतरी वर्षं भूत म्हटलं की विनोदाकडेच वळला, ही मला मोठी हुकलेली संधी वाटते.

'घर' या गोष्टीचाही इथे विचार करावा लागतो, कारण मानसिक भयपट जवळजवळ नेहमी घरात घडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात बसली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर कितीतरी महिने लोक धड घर उभं असूनही बाहेर, पत्र्याखाली झोपत. ज्या भिंतींनी सांभाळायचं त्याच मारतील, ही भीती इथल्या दोन जिल्ह्यांच्या अंगात मुरली आहे. 'द शायनिंग' या इंग्रजी भयपटातलं बर्फात अडकलेलं हॉटेल पाहून आपल्याला नुसता गारवा जाणवेल. घरावरचा विश्वास उडणं म्हणजे काय, हे समजायला मात्र इथल्या माणसाला कुठल्या समीक्षेची गरज नाही.

त्याच १९९३ मध्ये मल्याळममध्ये फाझिल यांचा 'मणिचित्रताळ' आला. माझ्या मते भानामतीच्या सगळ्यात जवळ जाणारा भारतीय चित्रपट हाच. जुना वाडा, कुलूपबंद खोली, जुन्या काळच्या नर्तकीची गोष्ट, आणि घरात पेटणाऱ्या वस्तू. सगळ्यांचा संशय दुसऱ्याच मुलीवर जातो. मोहनलालचा मनोविकारतज्ज्ञ घरात राहून एकेकाशी बोलत, खेळीमेळीने उलगडा करत नेतो, आणि जिच्या मनातून हे सगळं येतंय तिला दोषी न ठरवता बरं करतो. तेही मांत्रिकाला सोबत घेऊन, कारण तिच्या मनाला पटेल असाच विधी लागतो. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ चा 'भूल भुलैया' याच कथेवरचा. तो पाहिला असेल तरी मूळ चित्रपट बघाच, त्यातली करुणा हिंदीत अर्धीच उतरली आहे.

राम गोपाल वर्मांचा 'रात' १९९२ चा आणि 'कौन' १९९९ चा. 'कौन'मध्ये एकही गाणं नाही, एक घर, तीन माणसं आणि पाऊस. बांधणी म्हणून तो अजूनही चोख आहे. पण मन बिघडलेला माणूस म्हणजे खुनी, हे समीकरण तोही पक्कं करतो, आणि ते मला मान्य नाही. 'रात'मधली झपाटलेली मुलगी रेवती यांनी केली होती. तीस वर्षांनी, २०२२ च्या 'भूतकालम' या मल्याळम चित्रपटात त्याच रेवती नैराश्याशी झगडणाऱ्या आईच्या भूमिकेत दिसतात. दिग्दर्शक राहुल सदाशिवन. आई-मुलगा एका भाड्याच्या घरात राहतात, आजी वारते, मुलाला रात्री काहीतरी जाणवतं. आई म्हणते नोकरी नाही म्हणून, नातेवाईक म्हणतात दारूमुळे. सवयीने नापसंत केलेल्या पोराचं खरं बोलणंही कसं कुणाच्या कानावर जात नाही, हे इतकं बारकाईने मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि मग 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट २०१७ मध्ये थिएटरांत लागला. पुढे त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला. आठ महिन्यांची गरोदर बाई (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या फडाच्या मध्यावर असलेल्या घरात येते. घरधनीण उषा नाईक यांनी केली आहे, तिच्या मायेनेच अंगावर काटा येतो. फडात लपाछपी खेळणारी लेकरं दिसू लागतात, ती कोण हे कळतं तेव्हा स्त्रीभ्रूणहत्येचा विषय समोर येतो. हा सिनेमा बीड जिल्ह्यात बसून पाहणं वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन इथून ऊसतोडीला कोयते निघतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गरोदर बाया फडात मोळ्या उचलतात, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत बाळंत होतात. चित्रपटातला ऊस भुलभुलैया म्हणून आला आहे. आपल्या माणसांना तो फड पाठ आहे, म्हणून भय आणखी आत जातं. शेवटाकडे चित्रपट थोडं जास्त समजावून सांगतो, तरी मराठीतल्या या प्रकाराच्या यादीत मी त्याला सगळ्यात वर ठेवीन.

सुरुवात करणाऱ्याने 'मणिचित्रताळ' घ्यावा, मग 'लपाछपी', मग 'भूतकालम'. तिथून बाहेर जायचं तर तीन नावं. किम जी-वून यांचा कोरियन 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३), सावत्र आईच्या लोककथेतून उभा राहिलेला. जेनिफर केंट यांचा 'द बाबाडूक' (२०१४), विधवा आई आणि हट्टी मुलाचा. आणि बाबक अन्वरी यांचा 'अंडर द शॅडो' (२०१६), इराण-इराक युद्धातल्या तेहरानचा. त्यात मुलीला कवटाळून घाबरलेली आई घराबाहेर पळते आणि डोक्यावर ओढणी नाही म्हणून तिला पकडून नेतात. 'रिपल्शन' (१९६५), तोही पोलान्स्कींचाच, शेवटी ठेवावा. त्यात लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत आणि तो कुठेच सैल सोडत नाही.

'भूतकालम', 'बाबाडूक' हे नैराश्यातून जाणाऱ्या माणसाने एकट्याने रात्री पाहू नयेत, सोबतीला कुणी असावं. आणि पाहताना किंवा एरवीही आपल्या घरातलं कुणी असंच कोपऱ्यात बसलेलं आठवलं, तर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.