चुंबकपुच्छातील फ्लक्स रोप : अंतराळयानांची निरीक्षणे

पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला सौरवाऱ्याने ताणून लांबवलेले चुंबकक्षेत्र म्हणजे चुंबकपुच्छ. त्याच्या उत्तर खंडातील क्षेत्ररेषा पृथ्वीकडे येतात, दक्षिण खंडातील दूर जातात. दोहोंमध्ये तप्त प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) थर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा असते. हा थर पातळ झाला की विरुद्ध दिशेच्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात (चुंबकीय पुनर्जोडणी) आणि दोरासारखा पीळ असलेली नळी, म्हणजे फ्लक्स रोप, तयार होते.

पुच्छाची पहिली स्पष्ट नोंद १९६३ मध्ये सोडलेल्या आयएमपी-१ या यानाने केली. आयएसईई-३ (ISEE-3) हे यान १९८२–८३ मध्ये पृथ्वीच्या २०० त्रिज्यांपलीकडे गेले आणि दूरच्या पुच्छातून बाहेर फेकले जाणारे प्लाझ्मॉइड (चुंबकक्षेत्राने बांधलेले प्लाझ्माचे गोळे) त्याला आढळले.

फ्लक्स रोप ओळखण्याची पहिली खूण क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकात, म्हणजे Bझेडमध्ये दिसते. रोप पृथ्वीपासून दूर जात असेल तर हा घटक आधी उत्तरेकडे व मग दक्षिणेकडे वळतो. पृथ्वीकडे येत असेल तर क्रम उलटा. सेकंदाला ४०० किमी वेगाचा रोप यानावरून ३० सेकंदांत गेला, तर त्याची रुंदी सुमारे १२,००० किमी, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दोन त्रिज्या. मात्र एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. धाराथर वरखाली हेलकावतो, तिरका होतो, आणि तेव्हाही Bझेडचे चिन्ह बदलू शकते. म्हणून त्याच क्षणी पूर्व-पश्चिम घटक आणि एकूण क्षेत्र वाढले आहे का, हे पाहावे. रोपच्या गाभ्यातील अक्षीय क्षेत्राची ती खूण असते. बंद वेटोळ्यांच्या साध्या प्लाझ्मॉइडमध्ये असा गाभा नसतो.

मापनातली खरी अडचण शून्यबिंदूची आहे : क्षेत्र नसतानाही मापक थोडा आकडा दाखवतो, ती शून्यचूक. यान स्वतःभोवती फिरत असल्याने फिरण्याच्या प्रतलातील चुंबकमापकाची शून्यचूक फिरण्याच्या आवर्तनाने उठून दिसते व काढून टाकता येते. फिरण्याच्या अक्षाच्या दिशेची चूक मात्र तशी सापडत नाही. क्लस्टर व एमएमएस या चार-चार यानांच्या मोहिमांतील यानांचा अक्ष क्रांतिवृत्ताच्या प्रतलाला जवळजवळ लंब असल्याने ही चूक नेमकी Bझेडमध्येच शिरते.

एकच यान असेल तर बदल जागेनुसार झाला की वेळेनुसार, हे ठरत नाही. म्हणून क्लस्टर (२०००) व एमएमएस (२०१५) या मोहिमांत चार याने चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर उडवली गेली. चार ठिकाणच्या क्षेत्रफरकांवरून विद्युतधारेची घनता थेट काढता येते. येथे यानांमधले अंतर निर्णायक ठरते. ते रोपपेक्षा मोठे असेल तर धारा प्रत्यक्षाहून कमी दिसते. फार लहान असेल तर फरक शून्यचुकीत बुडतो : ०.१ नॅनोटेस्लाची चूक १०० किमी अंतरावर चौरस मीटरला सुमारे ०.८ नॅनोअँपिअर होते, तर २० किमीवर ४ नॅनोअँपिअर. पुच्छातील सामान्य जाड थरातली धाराही साधारण एवढीच असते. तीव्र, पातळ थर मात्र २० किमी अंतरावरूनही नीट मोजता येतात.

चंद्राच्या अंतरावर, म्हणजे सुमारे ६० त्रिज्यांवर, थीमिस मोहिमेची दोन याने २०११ पासून चंद्राभोवती फिरत आहेत. पौर्णिमेच्या आसपास सुमारे सहा दिवस चंद्र पुच्छातून जातो, तेवढाच निरीक्षणाचा काळ. चांद्रयान-२ वरील क्लास या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणानेही अशाच काळात पुच्छातील विद्युतभारित कण टिपले. परंतु त्या ऑर्बिटरवर चुंबकमापक नसल्यामुळे केवळ या कणांवरून रोप ओळखता येत नाही.