फोन अचानक किंचाळतो तेव्हा टॉवर काय करत असतो

२०२३ च्या पावसाळ्यात सरकारने मोबाईलवरच्या आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या. सायलेंटवर ठेवलेले फोनही एकाएकी भोंग्यासारखे ओरडू लागले आणि पडद्याच्या मधोमध चौकट आली. पाठोपाठ ग्रुपवर दुसरे मेसेज फिरले: ‘ओके दाबू नका, फोन हॅक होतो’, ‘बँक खातं रिकामं होतं’. आजही असा इशारा आला की घाबरून सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करणारे पुष्कळ आहेत. कृष्णाकाठी हे परवडणारं नाही. म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते ते नीट पाहू.

पहिली गोष्ट. हा इशारा पाठवणाऱ्याला तुमचा नंबर ठाऊकच नसतो. फोन कुणाचा, सिम कुठल्या जिल्ह्यातलं, रिचार्ज शिल्लक आहे की संपला, यातलं काहीही टॉवरला विचारावं लागत नाही. ओके दाबल्यावर फक्त चौकट मिटते आणि आवाज थांबतो. ओके दाबल्याची खबर पाठवणाऱ्याकडे परत जात नाही, कारण या पद्धतीत परतीची वाटच नाही. या पद्धतीला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात.

एसएमएस म्हणजे पोस्टमन. दारोदार जाऊन प्रत्येकाच्या हातात पत्र द्यायचं. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे कोतवालाची दवंडी. चावडीसमोर उभं राहून एकदा ओरडायचं, ऐकणारे पन्नास असोत की पाच हजार, कोतवालाचे कष्ट तेवढेच.

आकडे मांडले की फरक कळतो. जुन्या टूजी टॉवरवर एसएमएससाठी वेगळ्या छोट्या वाटा असतात. एका टाइम स्लॉटमध्ये, म्हणजे टॉवरच्या वेळेच्या एका ठरलेल्या तुकड्यात, अशा आठ वाटा बसतात. एक एसएमएस पोचवायला एक वाट चार सेकंद अडते असं धरा. म्हणजे सेकंदाला दोन एसएमएस. त्या टॉवरखाली दोन हजार फोन असतील, तर सगळ्यांना निरोप पोचायला हजार सेकंद, जवळजवळ सतरा मिनिटं लागतील. बरं, कॉल जोडण्याची बोलणीही याच वाटांवरून होतात. पाणी चढत असताना जो तो ‘कुठं आहेस’ विचारायला फोन लावतो, तेव्हा नेमक्या याच वाटा तुंबतात. फोरजीत वाटा रुंद झाल्या, पण एकेकाला शोधून निरोप द्यायचा हे तत्त्व तेच राहिलं.

आता दवंडी. तुमचा फोन खिशात असतो तेव्हा तो पूर्ण झोपलेला नसतो. फोरजीत साधारणपणे दर १.२८ सेकंदांनी तो डोळे किलकिले करतो आणि टॉवरकडे ‘माझ्यासाठी काही आहे का’ म्हणून कान देतो. त्याला पेजिंग म्हणतात. बॅटरी वाचते ती या डुलक्यांमुळेच. इशारा द्यायचा असतो तेव्हा टॉवर या पेजिंगमध्ये एक छोटीशी खूण वर करतो. ती कुणा एका फोनच्या नावाची नसते, ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी असते. खूण दिसली की फोन टॉवरचं माहितीपत्रक उघडतो. हे पत्रक टॉवर एरवीही सतत प्रसारित करत असतो: मी कुठल्या कंपनीचा, शेजारी कुठले टॉवर, वगैरे. त्यातला बारावा भाग इशाऱ्यासाठी राखलेला आहे. फोन तो वाचतो आणि भोंगा वाजवतो. यात टॉवरला एकाही फोनशी बोलावं लागत नाही.

तोच इशारा टॉवर पुन्हापुन्हा ओरडत असतो, कारण कुणी तरी आत्ताच त्या हद्दीत आलेलं असतं. मग आपला फोन दर वेळी का वाजत नाही? प्रत्येक इशाऱ्याला सोळा बिटांचा, म्हणजे सोळा शून्य-एकांचा, एक क्रमांक असतो. दोन बिट सांगतात की इशारा किती मोठ्या क्षेत्रापुरता आहे, दहा बिट सांगतात इशारा कुठला, आणि शेवटचे चार बिट सांगतात ही त्याची कितवी आवृत्ती. फोन हा क्रमांक लक्षात ठेवतो. तोच परत आला तर गप्प बसतो. पातळी वाढली म्हणून मजकूर बदलला की शेवटच्या चार बिटांतला आकडा पुढे सरकतो, आणि फोन पुन्हा ओरडतो. तेव्हा दुसऱ्यांदा वाजलेला फोन ‘तेच असेल’ म्हणून बाजूला ठेवू नये, त्यात नवं काही असण्याची शक्यता मोठी असते. दोन कंपन्यांची दोन सिमं असतील तर एकच इशारा दोनदा वाजू शकतो, तेवढा अपवाद सोडायचा.

मजकुराची लांबी हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. ब्रॉडकास्टचं एक पान ८२ बाइटचं. इंग्रजीत त्यात ९३ अक्षरं बसतात, देवनागरीत जेमतेम ४१. शिवाय मोजणी डोळ्यांना दिसते तशी होत नाही. ‘कृष्णा’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरं दिसतात, यंत्र सहा मोजतं: क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण, काना. आता ‘नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे’ हे सरकारी वाक्य मोजा. ४६ होतात. पान संपलं, आणि कुठली नदी, किती पाणी, काय करायचं, यातलं काहीच सांगून झालं नाही. उलट ‘कृष्णेची पातळी ४५ फूट. नदीकाठ सोडा.’ हे ३५ मध्ये बसतं. पंधरा पानांपर्यंत मजकूर जोडता येतो हे खरं. पण मजकूर जितका लांब, तितके त्याचे तुकडे जास्त, आणि रेंज कच्ची असेल तर एखादा तुकडा निसटतो. मग तो पुढच्या फेरीत येईपर्यंत फोन थांबून राहतो. नेमक्या, छोट्या मराठीत इशारा लिहिणं हे इथे तांत्रिक काम आहे.

या दवंडीचा सामाजिक गुण मोठा आहे. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गल्लीतले लोक असतात. भाड्याच्या खोलीतला परप्रांतीय कामगार नसतो, ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आजी नसतात. आषाढीला माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा परभणीच्या वारकऱ्याला इथल्या कुठल्या ग्रुपने घेतलेलं असतं? पण त्याचा फोन इथल्या टॉवरखाली आहे, एवढं ब्रॉडकास्टला पुरतं. महामार्गावरचा ट्रकवाला, ठोसेघर पाहायला आलेलं कुटुंब, सगळे त्यात आले.

ग्रुपचं महत्त्व त्याने कमी होत नाही. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, हे ग्रुपलाच माहीत असतं. पण तिथे एक खोट आहे. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर दिसते ती फॉरवर्ड केल्याची वेळ, मूळ मेसेजची वेळ गळून पडते. ‘आत्ताच विसर्ग वाढवला’ यातलं ‘आत्ता’ काल दुपारचं असू शकतं. फोटोबरोबरची तारीख आणि ठिकाणाची नोंदही व्हॉट्सॲपवरून जाताना निघून जाते, म्हणून २०१९ च्या महापुराचे फोटो दर पावसाळ्यात ताजे होऊन येतात. उपाय साधा आहे: वेळ मजकुरातच लिहायची. ‘आयर्विन पूल, ४१ फूट ३ इंच, २४ जुलै, पहाटे ५’ असं. पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे एवढी एक ओळ पुरते.

क्युसेकचंही, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्या आकड्याचंही, तसंच. ‘कोयनेतून एक लाख क्युसेक, रात्रीत धरण रिकामं’ असलं काही आलं की हिशेब करावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सेकंदाला एक लाख घनफूट सोडले तरी एक टीएमसीला दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. वरून एक थेंब आला नाही तरी भरलेलं धरण त्या वेगाने रिकामं व्हायला बारा दिवस लागतील.

दवंडी कुठे फसते? पाणी रोहित्रापर्यंत आलं की सुरक्षेसाठी लाइट बंद करावी लागते. मग टॉवर बॅटरीवर, बॅटरी उतरली की डिझेलवर, आणि रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेल पोचत नाही. टॉवरला जोडणारी केबल तुटली तर इशारा टॉवरपर्यंतच येत नाही. पाटण, जावळीच्या खोऱ्यांत डोंगराआड रेंज नाही, तिथे भोंगा आणि पोलीस पाटील यांना पर्याय नाही. टूजीवर कॉल चालू असताना फोन दवंडी ऐकत नाही, कॉल संपल्यावर पुढच्या फेरीत ऐकतो. आणि फ्लाइट मोडमध्ये वायफाय चालू असलं तरी इशारा येत नाही.

म्हणूनच ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं येणार, फोन बंद ठेवा’ या जुन्या थापेची मला मनापासून चीड आहे. वैश्विक किरण पृथ्वीवर रोज, चोवीस तास येतात आणि फोन बंद ठेवल्याने त्यांचं काही बिघडत नाही. पण पुराच्या रात्री ही थाप खरी मानून फोन बंद करणारा माणूस झोपेत पाण्यात सापडू शकतो.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ आणि त्यात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ असं सापडेल. कंपनीनुसार नाव थोडं बदलतं, तेव्हा सेटिंगच्या शोधचौकटीत ‘इमर्जन्सी’ टाकावं. आयफोनमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत अगदी तळाशी पाहावं. सगळी बटणं चालू करावीत. घरातल्या प्रत्येक फोनवर, आणि विशेषतः आजोबांच्या फोनवर, कारण नातवंडं आवाजाला कंटाळून पहिल्यांदा तोच बंद करतात.