उजेडाने जंतू मारणारे पॉलिमर

ज्या प्लास्टिकवर किंवा सिलिकॉनवर उजेड पडला की त्यावर बसलेले बॅक्टेरिया मरतात, ते हे पॉलिमर. यात पॉलिमर नुसता आधाराला असतो, खरं काम करतो तो त्यात मुरवलेला रंग: मिथिलीन ब्लू, रोझ बेंगाल, क्रिस्टल व्हायोलेट नाहीतर एखादं पॉर्फिरिन. रंगाचा रेणू उजेडातली ऊर्जा घेतो आणि जवळच्या ऑक्सिजनला देतो, त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचंच जास्त ऊर्जेचं रूप, तयार होतो, तो भयंकर आक्रमक पण पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकणारा, त्यामुळे जंतू अगदी पृष्ठभागाला चिकटलेला असेल तरच त्याला फटका बसतो.

मूळ गोष्ट जुनी आहे. 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये हर्मान फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब याला दिसलं की अॅक्रिडीन रंगातले पॅरामिशियम (पाण्यातले एकपेशीय जीव) उजेडात पटापट मरतात आणि अंधारात बराच वेळ जगतात.

सिलिकॉनमध्ये रंग भरायची एक पद्धत मस्त आहे. सिलिकॉनचा तुकडा रंग विरघळवलेल्या सॉल्व्हंटमध्ये बुडवायचा, तो फुगतो, रंग आत शिरतो, मग सॉल्व्हंट उडून गेला की तुकडा आक्रसतो आणि रंग आतच अडकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी सिलिकॉनमध्ये क्रिस्टल व्हायोलेट आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण एकत्र घालून पाहिलेत. क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे तोंड आलं की लावायचे त्या जांभळ्या औषधातलाच रंग, आणि लॅबमध्ये बॅक्टेरियाचे प्रकार ओळखायच्या ग्रॅम स्टेनला वापरतात तोही हाच.

सगळ्यात मोठा फायदा रेझिस्टन्सचा. अँटिबायोटिक बहुतेक वेळा एखाददुसऱ्याच ठिकाणी घाव घालतं, सिंगलेट ऑक्सिजन मात्र पेशीचं आवरण, प्रोटीन, डीएनए जे हाती लागेल ते जाळत सुटतो, त्यामुळे जंतूला त्यातून पळवाट काढणं फार अवघड जातं आणि एमआरएसएसारखे औषधांना न जुमानणारे जंतूही यात मरतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना जास्तीचं बाहेरचं आवरण असतं म्हणून ते चिवट, त्यांच्यासाठी धन भार असलेले रंग जास्त चालतात कारण ते त्या आवरणाला घट्ट चिकटतात.

हॉस्पिटलमधले बेडचे कठडे, कीबोर्ड, दाराची हँडल यांना हे उपयोगी पडू शकतं, पण वर मळ साचला तर उजेडही पोचत नाही आणि जंतूही रंगापासून लांब राहतात, म्हणजे पुसापुशी चुकत नाहीच. रंगही हळूहळू उडतो. शरीरात घातलेल्या कॅथेटरचा प्रश्न आणखी अवघड, तिथे उजेडच नाही, तो आत न्यायचा तर ऑप्टिकल फायबरसारखं काहीतरी लागतं.