ओढ्याच्या खेकड्याला अमावास्या कळत नाही

इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांत पाऊस लागला की खेकडे निघतात, आणि ‘अमावास्येचा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ’ हेही ऐकू येतंच. खरं कारण कवचात आहे. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. नवं मोठं असतं, त्यात पाणी जास्त, मांस कमी. सगळे एकाच रात्री कवच टाकत नाहीत, म्हणून एकाच टोपलीत दोन्ही सापडतात. उलटा धरून पायांच्या मुळाशी अंगठ्यानं दाबा. दबला तर पोकळ, सोडून द्या. आकाराच्या मानानं जड लागला तर भरलेला. पोटाखालच्या रुंद झडपेत अंडी किंवा पिल्लं दिसली तर मात्र त्या मादीला हात लावू नका, कळकळीची विनंती आहे. शेजारी वाटा द्यायचा तर जिवंतच द्या. मेलेला खेकडा फार लवकर नासतो.