सार्वजनिक प्रसारण मंडळावरील नियुक्ती

आकाशवाणी-दूरदर्शनसारखी संस्था लोकांच्या पैशावर चालते, पण तिने सरकारचे मुखपत्र होऊ नये अशी अपेक्षा असते. अशा संस्थेचा कारभार पाहणारे सदस्य कोणी, कसे व किती मुदतीसाठी नेमावेत, याची ही पद्धत. भारतात आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळासाठी ती प्रसार भारती कायदा, १९९० मध्ये आहे. हा कायदा लागू व्हायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडला. तत्पूर्वी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली आणि त्यांचे नियंत्रण सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे असे म्हटले.

कायद्यानुसार मंडळ पंधरा जणांचे असते: अध्यक्ष, कार्यकारी सदस्य, वित्त व कार्मिक विभागांचे प्रत्येकी एक सदस्य, सहा अर्धवेळ सदस्य, आकाशवाणी व दूरदर्शनचे महासंचालक, माहिती व प्रसारण मंत्रालयाचा एक प्रतिनिधी आणि कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेले दोघे. अध्यक्ष व अर्धवेळ सदस्य सार्वजनिक जीवनातील मान्यवर असावेत, एवढीच पात्रता सांगितली आहे. 'मान्यवर' कोणालाही म्हणता येते. म्हणून या पद्धतीची खरी मदार निवड समितीवर आहे.

समिती तिघांची: राज्यसभेचे सभापती, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती समितीच्या शिफारशीवरूनच नियुक्ती करतात. ही तरतूद चांगली आहे आणि ती टिकायलाच हवी. दोष समितीच्या घडणीत आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे तिसरी जागा व्यवहारात सरकारच्या हाती जाते. वृत्तपत्र परिषदेचा अध्यक्ष निवडणाऱ्या तिघांतही राज्यसभेचे सभापती असतातच. म्हणजे वेगवेगळ्या वाटणाऱ्या दोन खुर्च्यांना एकच हात लागतो, आणि विरोधी पक्षाला कुठेच जागा नाही. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेचा विचार करणाऱ्या १९७८ च्या वर्गीज समितीने सुचवलेल्या नामनिर्देशन मंडळात सरन्यायाधीश, लोकपाल व संघ लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. तिघेही मंत्रालयाच्या साखळीबाहेरचे. तो मसुदा आजही जास्त सरस वाटतो.

दुसरे दुखणे रिकाम्या जागांचे. २००८ च्या दुरुस्तीने अध्यक्षाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची सत्तरी, यांपैकी जे आधी येईल ते, अशी ठरली. जन्मतारीख कागदावर असते, तरी अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत रिकामे राहिले. मधल्या काळात वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्षपदही काही महिने रिते होते, म्हणजे निवड करणारी समितीच अपुरी. अर्धवेळ सदस्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त व्हावेत अशी योजना आहे, जेणेकरून एकाच सरकारला संपूर्ण मंडळ बदलता येऊ नये. जागा साचवून एकदम भरल्या की हे चक्र मोडते आणि पुढे सगळ्यांच्या मुदती एकाच वेळी संपतात. यावर उपाय साधा आहे: मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जाहिरात, आलेल्या नावांची छाननी, निवडक नावे व निवडीची कारणे प्रसिद्ध करणे, आणि नियुक्ती जुना सदस्य पायउतार होण्यापूर्वी. पक्षाचे पदाधिकारी, प्रसारण कंपन्यांचे भागधारक आणि मंत्रालयातून नुकतेच निवृत्त झालेले अधिकारी यांच्यासाठी दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा सक्तीची करावी.

नेमणुकीइतकीच बडतर्फीची अट महत्त्वाची. गैरवर्तनाच्या कारणावरून अध्यक्ष किंवा नियुक्त सदस्याला काढायचे तर राष्ट्रपतींनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते व तेथे चौकशी होते. हे कवच नसते तर मुदतीला अर्थ उरला नसता.

परदेशांत वेगवेगळ्या तोडी निघाल्या. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये झेडडीएफ या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या मंडळांवर सरकार व राजकारणाशी जवळीक असलेल्यांचा वाटा एकतृतीयांशापेक्षा जास्त असू नये असे ठरवले. पोर्तुगालने त्याच वर्षी आरटीपी या आपल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी सहा जणांची स्वतंत्र सर्वसाधारण परिषद आणली: दोघे सरकारचे, दोघे संस्थेच्या मत परिषदेचे, उरलेले दोघे या चौघांनी निवडायचे. ब्रिटनमध्ये मात्र बीबीसीचा अध्यक्ष सरकारच सुचवते. २०२३ मध्ये बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांना हितसंबंध उघड न केल्याच्या कारणावरून राजीनामा द्यावा लागला, तेव्हा त्या वाटेचा धोका दिसला.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला या विषयाची झळ थेट लागते. मंडळात राज्यनिहाय जागा नाही आणि तशी असूही नये, कारण मग पंधरा जागांवर तीसेक दावे येतील. पण प्रादेशिक संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान देणे ही महामंडळाची कायदेशीर जबाबदारी आहे. पणजीच्या आल्तिनोवरील केंद्रातून कोकणी व मराठी कार्यक्रम जातात. ते किती वेळ, कोणत्या वेळी आणि किती कर्मचाऱ्यांच्या बळावर चालावेत, हे शेवटी दिल्लीतल्या धोरणावर ठरते. चवथीचे भजन, शिगमा, तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार, इतर नाट्यप्रयोग यांचे ध्वनिमुद्रण करायला माणूसच नसेल, तर स्थानिक केंद्राच्या नावाखाली बाहेरून आलेले प्रक्षेपणच तसेच पुढे दाखवले-ऐकवले जाते. म्हणून सहा अर्धवेळ जागांपैकी निदान दोन प्रादेशिक भाषांत काम केलेल्या व्यक्तींसाठी राखाव्यात. त्यांच्यासाठी नावे मागवताना विद्यापीठे आणि गोवा मराठी अकादमी, गोवा कोकणी अकादमी यांसारख्या संस्थांना विचारावे, आणि निवड राज्यांच्या गटांमध्ये आळीपाळीने फिरावी.