तारा उंच झाल्या: ट्रस रॉड फिरवायचा की सॅडल?

चवथ आटोपली की गोव्यातले बेस गिटार पेट्यांतून बाहेर निघतात. मे अखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, लॉनवरचे कार्यक्रम थांबतात, आणि हंगामावर पोट असलेल्यांची वाद्यं चार महिने दमट हवा पीत पडून राहतात. ऑक्टोबरच्या पहिल्या तालमीला तक्रारी ठरलेल्याच: तारा उंच झाल्यात, नाहीतर बझ (तार घासून होणारी झणझण) येतोय. दोन्हींवर बाजूचा गिटारवाला एकच औषध सांगतो, ‘ट्रस रॉड आवळ’ (ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, म्हणजे वाद्याच्या लांब मानेच्या, आतली धातूची सळई). कधी ते लागू पडतं. कधी लागू पडल्यासारखं वाटतं आणि नाताळच्या धामधुमीत बेस ऐन स्टेजवर दगा देतो. मुळात गोंधळ दोन मापांचा आहे. एक रिलीफ, दुसरं अ‍ॅक्शन. दोघांचे स्क्रू वेगळे, कामं वेगळी, पण हाताला दोन्ही जवळपास सारखीच जाणवतात.

अ‍ॅक्शन म्हणजे तारेचा खालचा काठ आणि फ्रेटचा, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीचा, माथा यांच्यातलं अंतर. ते ठरतं तार ज्या दोन टेकूंवर बसते त्यांच्या उंचीने: डोक्याकडे नट (तारांच्या खाचांची पट्टी), बुडाकडे ब्रिजवरचं सॅडल. नट एकदा नीट कापला की त्याला पुन्हा हात लावायची वेळ क्वचित येते, म्हणून रोजच्या व्यवहारात अ‍ॅक्शन म्हणजे सॅडलची उंची.

रिलीफ म्हणजे नेकचा स्वतःचा बाक. चार तारांचा ४५-१०५चा (इंचाच्या हजारांश भागांत, सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार) संच सुरात आला की नेकवर ७५ ते ८० किलोंच्या आसपास ओढ पडते. त्या ओढीने नेक धनुष्यासारखा पुढे वाकतो. लाकडाच्या आत पुरलेला ट्रस रॉड त्याला उलट बाजूने खेचून धरतो. गिब्सनमधल्या थॅडियस मॅक्ह्यूला याचं पेटंट १९२३ साली मिळालं, आणि कल्पना आजही तीच आहे. या दोन ओढींचा समझोता होऊन जो बारीकसा बाक उरतो, तो रिलीफ. तो मुद्दाम ठेवावा लागतो, कारण वाजलेली तार मध्यावर सगळ्यात जास्त झोके घेते आणि बेसची सगळ्यात जाड ई तार तर दोरीउडीच्या दोरीसारखी फिरते. नेक अगदी सपाट असेल तर खालच्या फ्रेटवर ती पुढच्या फ्रेटांना घासून झणझणते. तंबोऱ्यावर जव्हारी लावून जे जाणूनबुजून मिळवायचं, तेच इथे नको असतं.

आता गोंधळ का होतो ते पाहा. ट्रस रॉड आवळला की बाक कमी होतो, आणि त्याबरोबर १२व्या फ्रेटवरची तारही थोडी खाली येते. वाजवणाऱ्याला वाटतं अ‍ॅक्शन उतरली, म्हणजे रॉड अ‍ॅक्शनचाच. मग आणखी खाली हवी म्हणून तो आणखी आवळतो, नेक सपाट होतो, पुढे मागच्या बाजूला पोक काढतो, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर सूरच लागेनासा होतो. उलटी चूकही तितकीच नेहमीची. नेक पावसात पुढे वाकलेला असतो, तारा उंच वाटतात, आणि हाताशी सोपी म्हणून सॅडलं उतरवली जातात. मधल्या फ्रेटांवर बरं वाटतं, पण वर १५व्या-१७व्या फ्रेटवर तार मरते. नेकचा हा भाग बॉडीत बोल्टांनी घट्ट धरलेला असतो, तो वाकत नाही. त्यामुळे वाकलेल्या नेकवर उतरवलेली तार तिथे येऊन टेकते.

म्हणून क्रम कधी बदलायचा नाही: आधी सूर, मग रिलीफ, मग अ‍ॅक्शन, शेवटी इंटोनेशन (नेकभर दाबलेला सूर खरा लागणं). रिलीफ ठरायच्या आधी अ‍ॅक्शन मोजणं म्हणजे पाया बसायच्या आधी दाराची चौकट लावणं.

मोजायचं कसं

बेस ज्या सुरात वाजवायचा त्याच सुरात लावून, वाजवताना धरतो तसाच उभा धरा. टेबलावर आडवा टाकला की स्वतःच्या वजनाने नेकचं माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, आणि नेक बॉडीला जिथे मिळतो त्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा. आता तीच तार सरळ पट्टी झाली. ७व्या किंवा ८व्या फ्रेटचा माथा आणि तारेचा खालचा काठ यांच्यात किती फट आहे ते पाहा. ०.२५ ते ०.४ मिमी ठीक, ०.३ला धरून सुरुवात केली तर सहसा पस्तावा होत नाही. फट मोजायला फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) लागते, आणि ती वाद्यांच्या दुकानात शोधत बसू नका. म्हापशात काय नि मडगावात काय, गाडीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे स्पार्क प्लगसाठीची मिळते, तीच. तीही नसेल तर फोटोकॉपीचा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तीन पदर एकत्र धरा. कागद तारेला न हलवता जेमतेम सरकला पाहिजे. फट अजिबातच नसेल, तार फ्रेटवर पडलेलीच असेल, तर नेक सपाट आहे किंवा मागे गेलाय.

अ‍ॅक्शन मोजताना कॅपो काढायचा. स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी १२व्या फ्रेटवर उभी धरा, तार मोकळी. ई तारेला २.५ मिमी आणि सगळ्यात बारीक जी तारेला २ मिमी हे कामचलाऊ माप आहे. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवणारे याहून थोडं खाली घेतात. लग्नात तीन-चार तास जोरात पिक किंवा बोटं मारणाऱ्याने खाली जाऊ नये. त्याच्या हाताच्या ताकदीला तारेला झोका घ्यायला जागा लागतेच. अ‍ॅक्शन खाली म्हणजे वाद्य भारी, हा समज गिटारवाल्यांकडून आलाय.

बझ कुठे येतो यावरून बरंच कळतं. फक्त मोकळी तार झणझणते आणि पहिल्या फ्रेटपासून सगळं स्वच्छ आहे, तर नटची खाच खोल गेलीय, रॉडला हात लावू नका. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत बझ, वर स्वच्छ, तर रिलीफ कमी. पाचव्या ते नवव्या फ्रेटवर तार दाबायला जड, आणि त्याच वेळी बाराव्याच्या वर खरखर, तर रिलीफ जास्त आणि कुणीतरी आधीच सॅडल उतरवलंय. सगळीकडे सारखाच बझ असेल तर सॅडल खाली आहे. आणि एकाच फ्रेटवर, एकाच जागी येत असेल तर तो फ्रेट वर उठलाय. समुद्राकाठच्या हवेत हे होतं, आणि ते काम फ्रेट बसवणाऱ्याचं आहे.

रॉड फिरवताना

घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवळतो, नेक सरळ होतो. उलट फिरवला की सैल होतो, बाक वाढतो. एका वेळी आठवा हिस्सा, फार तर पाव फेरा. मग पुन्हा सुरात लावा, कारण रॉड हलला की सूरही हलतो, आणि मगच मोजा. लाकूड पूर्ण बसायला रात्र जाते. सकाळी पुन्हा माप घ्या. आवळताना रॉडच्या टोकाचा नट (खाचांचा नट नव्हे, किल्लीने फिरतो तो) खूपच कडक वाटला तर तारा दोन-तीन सुरांनी सैल करा, नेक हाताने हलकेच मागे धरा, मग फिरवा. तरीही हलत नसेल तर थांबा. त्यापुढे जोर लावला की रॉड तुटतो किंवा नटचे कोपरे जातात, आणि मग नेकच बदलावा लागतो.

किल्लीचं माप मात्र नक्की हवं. ते बेसप्रमाणे बदलतं; फेंडरच्या बऱ्याच बेसना लागते ३/१६ इंचाची म्हणजे ४.७६ मिमी. तिथे साडेचारची अ‍ॅलन की आत जाते, सैल फिरते आणि आतले कोपरे खाते. पाचची आत जातच नाही. पेटीबरोबर आलेली किल्ली हरवली असेल तर अंदाजाने दुसरी घालू नका. काही जुन्या धाटणीच्या बेसवर रॉडचा नट नेकच्या बुडाशी असतो. त्याला बोल्ट ढिले करून नेक थोडा उचलावा लागतो. म्युझिक मॅनच्या बेसवर बुडाशी चाक असतं, त्यात पातळ दांडा घालून फिरवलं की झालं, नेक काढायची गरज नाही.

पावसाळ्यात नेक नक्की कुठल्या बाजूला जाईल याचा नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फिंगरबोर्डचं लाकूड, मागची फिनिश, रॉडची जात, सगळ्यावर ते ठरतं. एकाच खोलीतले दोन बेस उलट दिशांना गेलेले दिसतात. मोजा, मग फिरवा. साठवतानाही तारा पूर्ण सैल करून ठेवू नका. रॉड तसाच आवळलेला राहतो, समोरची ओढ गेली की नेक मागे जातो. सुरातच ठेवा, किंवा फार तर एक सूर खाली.

हंगामातल्या दोन गोष्टी रॉडच्या नावावर विनाकारण जातात. पहिली, एसी हॉलमधून लॉनवर जाणं. थंड तारा आखडून सूर चढतो, बाहेर उबेत त्या ढिल्या पडून उतरतो. हा तारांचा खेळ आहे, नेक तासाभरात एवढा हलत नाही. ट्यूनर लावा, सूर मिळवा, आणि दोन सेटांच्या मध्ये रॉडला हात लावू नका. गाडीची डिकी मात्र वेगळी गोष्ट. मे महिन्याच्या उन्हात बेस दुपारभर डिकीत राहिला तर ओढीखाली तापलेला नेक खरोखरच पुढे वाकू शकतो.

दुसरी, गायकाची पट्टी. अनेक बँड सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली लावतात. अर्धा सूर उतरला की ओढ जवळजवळ ११ टक्क्यांनी कमी होते. ७८ किलोंवर हे साडेआठ किलो झाले. नेक सरळ होतो, तारा सैल होऊन जास्त झोकतात, आणि खालच्या फ्रेटांवर बझ सुरू होतो. कायम त्याच सुरात वाजवायचं असेल तर रॉड आठवा हिस्सा सैल करून बेस त्या सुरासाठी नीट लावून घ्या. दोन-चार गाण्यांपुरतं असेल तर त्या गाण्यांत हात हलका ठेवा. तारांचा संच पातळ केला तरी हेच घडतं. पाचवी बी तार असलेल्या बेसवर एकूण ओढ जास्त असते, म्हणून चार तारांच्या बेसचे फेरे त्याला लागू पडत नाहीत.

सॅडल

रिलीफ बसला की सॅडलचं काम सरळ आहे. हिशेब मात्र लक्षात ठेवा: १२वा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून सॅडल १ मिमी उतरवलं की तिथे तार अर्धाच मिमी उतरते. स्क्रू एम३ असेल तर एका फेऱ्याला सॅडल ०.५ मिमी हलतं, म्हणजे १२व्या फ्रेटवर ०.२५. तार ३ मिमीवर आहे, २.५ हवी, तर दोन फेरे. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसून तार सरकते. वर चढवताना तार आधी सैल करा, दाबाखाली फिरवलं की एवढ्याशा स्क्रूचं तोंड जातं.

खरा त्रास गंजाचा. खारी हवा आणि हाताचा घाम मिळून हे बारके स्क्रू दोन पावसाळ्यांत जाम होतात, आणि बेस आयुष्यभर त्याच अ‍ॅक्शनवर अडकतो. काही बेसवर ते ०.०५ इंचाचे म्हणजे १.२७ मिमीचे असतात, काहींवर १.५ मिमीचे, चुकीची किल्ली घालून बरेचजण उरलंसुरलं तोंडही घालवतात. जाम झाले असतील तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. तरीही नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूवर टेकवा आणि गरम असतानाच फिरवून पाहा. दरवर्षी सप्टेंबरात एकेक स्क्रू बाहेर काढून आट्यांना शिवणयंत्राचं तेल पुसटसं लावलं तर ही पाळी येत नाही. ट्रस रॉडच्या नटच्या आट्यालाही तेच, टूथपिकच्या टोकाने.

उंची ठरली की इंटोनेशन तपासा, कारण तार उतरली की दाबताना ती कमी ताणली जाते आणि सूर बदलतो. १२व्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे, उतरत असेल तर नेकच्या दिशेने पुढे. जुन्या तारांवर हे करत बसू नका. घामाने खाल्लेली तार कधीच जुळत नाही.

आणि रिलीफ बरोबर आहे, सॅडलं तळाला टेकलीत, तरी तारा उंचच, असं झालं तर दोन्ही स्क्रू निर्दोष आहेत. दोष नेक ज्या कोनात बसलाय त्याचा आहे. नेक काढून बॉडीच्या खाचेत, बुडाच्या बाजूला जास्त जाड असलेली पाचर घालावी लागते. घाईत लोक व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालतात. चालतो, पण पुढची जागा पोकळ राहते आणि कालांतराने नेकचं टोक वर उचललं जाऊ शकतं. खाचेच्या पूर्ण लांबीची लाकडी पाचर सुताराकडूनही घासून घेता येते: एका टोकाला शून्य, दुसऱ्याला अर्धा मिमी. मग सगळे बोल्ट आवळा, आणि पुन्हा सुरापासून सुरुवात.