ऑलिम्पिकला कुणी नाही म्हणतं का?

अहमदाबादच्या २०३६ च्या ऑलिम्पिक दावेदारीचा विषय निघाला की नंदुरबारपासून भुसावळपर्यंत कुणीतरी ठणकावतोच, ‘मिळत असलेलं ऑलिम्पिक कोणतं शहर नाकारेल?’

नाकारतात की! अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक १९७० मध्येच मिळालं होतं. पण खर्च आणि डोंगरांची नासाडी यावरून विरोध पेटला. १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी सरकारी पैसा द्यायलाच नकार दिला. स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेली. विरोधात पुढे असलेले रिचर्ड लॅम नंतर चक्क गव्हर्नर झाले.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग (२०१५) आणि कॅनडातल्या कॅलगरीतही (२०१८) सार्वमतात नकारच आला. सार्वमताची अट मात्र ऑलिम्पिक समिती घालत नाही. ती फक्त जनमत पाहणी करून घेते. मतदान घ्यायचं की नाही, हे तिथले कायदे आणि राजकारण ठरवतं.